सभेनंतरची सकाळ

संजीवन सभांचे दिवस आले की मंडळीचा नूरच पालटतो. एरवी उपासनेला उशिरा येऊन मागच्या बाकावर टेकणारी माणसं वेळेआधी मांडवात हजर. पेटी-ढोलकीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं रंगतात, साक्ष द्यायला रांग लागते, डोळे पाझरतात. मला हे सगळं आवडतं. कोरड्या मनाला अशी ओल हवीच असते. तरी अशा रात्री मला हटकून केडगावची एक बादली आठवते.

दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली तिथे आसऱ्याला आल्या होत्या. १९०५च्या सुरुवातीला रमाबाईंनी प्रार्थनेसाठी गट बसवले आणि जूनच्या अखेरीस एका रात्री, सगळं वसतिगृह झोपेत असताना, एका मुलीला पवित्र आत्म्याचा अनुभव आला. शेजारची जागी झाली, तर मैत्रिणीला ज्वाळांनी वेढलेलं. ती धावत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आली. ओतणार, तोच ध्यानात आलं, ही जळत नाहीये! मिनी एब्रम्स या मिशनरी बाईंनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. त्या ज्वाळांचं नवल सगळ्यांनाच वाटतं. मला कौतुक बादलीवालीचं. पेटलेलं दिसल्याबरोबर तिचे पाय पाण्याकडे धावले. देवाची आज्ञा पाळणाऱ्याचे पाय असेच हवेत.

त्याच सुमारास वेल्समध्येही संजीवनाची लाट उसळली होती. इव्हान रॉबर्ट्स हा कोळशाच्या खाणीत राबलेला २६ वर्षांचा तरुण १९०४च्या अखेरीस लोकांना चार गोष्टी सांगत होता : पाप कबूल करा, मनाला खटकणाऱ्या सवयी सोडा, आत्मा सांगेल ते तत्काळ करा, ख्रिस्ताला चारचौघांत कबूल करा. यातली तिसरी सर्वांत अवघड. लोकांनी जुनी देणी फेडली, दारूचे गुत्ते ओस पडले. खाणीतल्या घोड्यांना म्हणे हुकूमच कळेनात, कारण खाणकामगारांनी शिव्या देणं सोडलं होतं. गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलं असेल. पण संजीवन प्रार्थनामंदिरातून खाणीत उतरलं होतं, हे खरं. आपल्याकडे ते बांधावर उतरायला हवं. साक्ष देताना गहिवरून येणं सोपं. घरी जाऊन भावकीत कोरलेला बांध हातभर मागे घेणं कठीण.

मात्र आज्ञापालनाच्या नावाखाली उपदेशक म्हणेल त्याला मान डोलावायची, असंही नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पुढे तिथल्या धर्मभगिनींना त्यांनी पत्रातून रोखठोक कळवलं, की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने झुगारलंय, आता दुसरं तसलंच मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. कुणाला तो हट्ट वाटला असेल. पण देवाचं ऐकायचं, तर माणसांच्या गलबल्यातून त्याचा आवाज निवडून घ्यावा लागतो, हे बाईंनी ओळखलं होतं.

आणि तो ऐकू आल्यावर काय करायचं? केडगावचं उत्तर तिथल्या छापखान्यात होतं. साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणायचं, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर रमाबाई हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. मिशनच्याच मुली खिळे जुळवत. देवनागरीचे खिळे म्हणजे काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, आणि सगळी अक्षरं उलटी. एक वेलांटी चुकली तरी ती ओळ पुन्हा हाती धरायची. मुद्रितं काढायची, तपासायची, पुन्हा काढायची. त्या भारलेल्या रात्री मागे पडल्या. १९२१मध्ये लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, तेव्हा अखेरची मुद्रितं तपासून झालेली होती. ग्रंथ १९२४मध्ये बाहेर पडला.

संजीवनाचा अंदाज मी आता यावरूनच बांधतो. मांडवात कितीजण रडले याची नोंद कुणीही ठेवेल. मांडव सुटल्यावर कुणी काय हाती घेतलं आणि ते किती वर्षं टाकलं नाही, हे पाहावं. अग्नी देवाने द्यायचा. तो कधी उतरेल हे आपल्या हाती नाही. देणं फेडणं, बांध सोडणं, वेलांटी तपासणं एवढं मात्र आहे, आणि त्यासाठी पुढच्या सभेची तारीख लागायची वाट बघायचं काही कारण नाही.