गाऱ्हाणे

आमच्या दक्षिण कोकणात आणि गोमंतकात देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत फार जुनी आहे. गाऱ्हाणे घालणारा मानकरी प्रथम स्थळाचा उच्चार करतो, मग कुळाचा, मग माणसाचा. आणि त्यानंतर जे दुःख असेल ते आडपडदा न ठेवता सांगतो. जमलेली मंडळी 'होय महाराजा' म्हणून त्याला साथ देतात. देव सर्वज्ञ खरा; तरीही त्याच्यापुढे सारे बोलून दाखवावे लागते. यात पूर्वजांचे मोठे शहाणपण आहे, असे मला वाटते. चारचौघांत बोलून दाखवलेले दुःख एकट्याचे राहत नाही.

सरकारदरबारी घालायचे गाऱ्हाणे मात्र आम्हांला साधत नाही. आणि दुखणे मनाचे असले म्हणजे तर मुळीच साधत नाही.

बेळगाव हे १९२२ पासून मराठा पलटणींचे केंद्र. भोवतालच्या खेड्यांतून पिढ्यानपिढ्या माणसे सैन्यात गेली. १९१५-१६ साली मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. आणि तोफांच्या माऱ्यात मन भंगलेल्या शिपायांच्या आजारावर 'शेल शॉक' हे नाव घेऊन चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले तेही १९१५ सालीच. म्हणजे हा आजार आजचा नव्हे. परंतु हात गमावून आलेल्या शिपायाला गाव ओवाळते आणि मन हरवून आलेल्या शिपायामागे कुजबुजते, ही रीत अद्याप बदललेली नाही.

मी शाळामास्तर म्हणून निवृत्त झालो. इंग्रजी कागद वाचून घेण्यासाठी लोक माझ्याकडे येतात. खानापूरकडील एका निवृत्त हवालदाराची पत्नी अशीच एक पत्र घेऊन आली. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाने हवालदाराचा मानसिक आजार मान्य केला होता, अपंगत्वही ४० टक्के धरले होते. मात्र हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, तो प्रकृतिगत आहे, असा शेरा मारून अपंगत्वाचे पेन्शन नाकारले होते. अर्थ समजावून सांगितल्यावर ती बाई म्हणाली, "मास्तर, भरती झाले तेव्हा त्यांना हे होतं काय? तेव्हा तर डॉक्टरनं डोक्यापासून पायापर्यंत तपासून घेतलं. आता रात्री दिवा मालवू देत नाहीत, कुणी दार वाजवलं की कोपऱ्यात जाऊन बसतात. हे कुठनं आलं?"

कायद्याचे पुस्तक न पाहिलेल्या त्या माउलीने कायद्याचा नेमका प्रश्न विचारला होता. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नाही तो आजार सेवेत प्रकट झाला, आणि त्यापायी सैनिकाला घरी यावे लागले, तर तो सेवेशी निगडित नाही असे म्हणणाऱ्या मंडळाने त्याची कारणे दिली पाहिजेत, आणि वाजवी शंकेचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांचा अर्थ लावताना २०१३ साली सांगितले. त्याच वर्षी स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात न्यायालयाने वैद्यकीय मंडळाकडून फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. तथापि २०१९ मध्ये याच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात सैनिकाची मागणी मान्य झाली नाही. तात्पर्य, एकाच्या निकालावर दुसऱ्याने विसंबू नये. प्रत्येक दावा आपापल्या कागदांवर उभा राहतो.

आणि कागद म्हटले की आमची लाज आडवी येते. हवालदाराला सेवेत असताना प्रथम झोप येईनाशी झाली, तेव्हा बढती अडेल म्हणून तो गप्प राहिला. सुटीवर आला असता घरच्यांनी ओळखले. पण घरात मुलगी लग्नाची, तेव्हा शब्द बाहेर जाऊ नये असे ठरले. बाहेरची बाधा असावी म्हणून देवाला कौल लावला, नवस बोलले, आणि निवृत्तीनंतरचे पहिले नऊ महिने एकाही डॉक्टरला दाखवले नाही. मी कौलाला नावे ठेवणारा नव्हे. देवाच्या पायाशी त्या घराला जो धीर मिळाला तो खोटा नव्हता. परंतु त्या नऊ महिन्यांचा कागद नाही. आणि ज्याचा कागद नाही तो त्रास झालाच नाही, असे दफ्तर समजते. मंडळासमोरही हवालदार म्हणाला होता, "मला काही होत नाही." मनाच्या आजाराची हीच तर क्रूरता आहे, की ज्याने बोलावे त्याचीच वाचा तो प्रथम हिरावून घेतो.

आम्ही आधी मंडळाच्या कार्यवाहीची प्रत रेकॉर्ड ऑफिसातून मागवली. मग तारखा जुळवल्या. काश्मीर खोऱ्यातील नेमणूक केव्हा संपली आणि झोपेची पहिली तक्रार केव्हाची, हे शेजारी शेजारी लिहिले. कारण युद्धक्षेत्र, बंडखोरीविरोधी मोहीम, अतिउंच प्रदेश किंवा एकाकी चौकी येथील सेवेला अशा दाव्यात वजन असते. पत्नीने ट्रंकेतून त्याची जुनी पत्रे काढली. आधीच्या पत्रांत पेरणीची, बैलांची चौकशी भरभरून होती. नंतरची पत्रे दोन ओळींची. तीही आम्ही जोडली.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग असेल, म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो. नकाराचे पत्र आल्यापासून ६ महिन्यांत पहिले अपील करावे. ते फेटाळले तर दुसरे. त्यानंतर २००७ च्या कायद्याने निर्माण झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. गोव्यातील माणसाला त्याच्या मुंबई पीठाकडे जावे लागते, बेळगावच्या माणसाला दूर कोचीकडे. अपंगत्व २० टक्क्यांहून कमी ठरले तर निवृत्त सैनिकाला सहसा त्याचे पेन्शन मिळत नाही. नियम १९८२, २००८ आणि २०२३ असे वेगवेगळे आहेत. २१ सप्टेंबर २०२३ पासून पुढे सेवा सोडणाऱ्यांना नवे लागू होतात. म्हणून सेवा सोडल्याची तारीख आधी पाहावी. आणि १५ वर्षे उलटू देऊ नयेत. ठरावीक मुदतीनंतर सेवेची कागदपत्रे नष्ट केली जातात, आणि मग सिद्ध करण्याचा भार सैनिकावरच येतो.

हवालदाराच्या अपिलाचे उत्तर अजून आलेले नाही. ते कसे येईल हे मी सांगू शकत नाही. मात्र अपिलाच्या निमित्ताने त्या घरात आजाराचे नाव मोठ्याने उच्चारले गेले. आता तो दरमहा डॉक्टरांकडे जातो, आणि सोबत त्याचा थोरला भाऊ असतो. लग्नाच्या काळजीने पूर्वी सर्वांना गप्प बसवणारा तोच.

देवस्थानच्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या वाड्यावर असा कोणी शिपाई असेल, तर त्याच्या घरी कौल लावायला जसे सोबत जाता, तसे इस्पितळातही सोबत जा. त्याने काय सोसले याला 'होय' म्हणणारी चार माणसे त्याच्यामागे असू द्या. आणि एक वही करायला सांगा: कौलाचा दिवस आणि डॉक्टरांचा दिवस, दोन्ही त्याच वहीत तारखेनिशी लिहून ठेवा.