पेडलखालची ढिलाई

जुन्या जीपचा क्लच बिघडला की जो तो प्लेटला दोष देतो. मी आधी गाडीखाली वाकून पेडल आणि फोर्क यांच्या मधला सांगाडा हलवून बघतो. आडवी नळी, तिच्या दोन्ही टोकांचे गोळे, केबल आणि पिना. निम्मी रडगाणी तिथलीच असतात.

काकांची जीप सीजे-थ्रीबी. मूळ विलिसची, अमेरिकेत ती 1968 साली बंद झाली, महिंद्रने मात्र पुढेही कितीतरी वर्षं बनवली. गगनबावड्याच्या वाटेवर पहिला गिअर टाकताना करकर झाली की काका म्हणायचे, "बाई शिव्या घालायला लागली." पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, क्लच पुरता सुटला नाही तर बोंब होणारच.

कॉलेजात गेल्यावर तीच जीप माझ्या हाती आली, तेव्हा पेडल बराच वेळ रिकामंच खाली जायचं. मिस्त्री आला की केबलचा नट आवळून मोकळा. असं आवळत गेलं की कधीतरी आटेच संपतात. जास्त आवळलं तर बेअरिंग फिंगरवर टेकून राहतं, क्लच घसरतो, प्लेट जळते आणि बिल प्लेटच्या नावावर फाटतं. खरी झीज पिनांच्या भोकांत. गोल भोक लांबट होतं, पिनेला मधेच कंबर पडते. एकेका सांध्यातली ढिलाई नजरेतही भरत नाही, पण पेडलपाशी सगळ्यांची बेरीज होते, तीही लिव्हरच्या हिशेबाने वाढून.

आता जीप माझ्याकडे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्यापुढे मी लिव्हर ठेवला आणि भोक वेल्डिंगने भरून द्या म्हणालो. त्याने पिन घालून हलवून बघितली. "भरायचं कशाला? मोठं करू, गनमेटलचं बुश मारू. परत झिजलं तर बुश बदला, लिव्हर राहील." मला हे पटलं.

करकरीचा दोष दर वेळी पिनांचाच असतो असं नाही. क्रँकच्या टोकात ब्राँझचं एक छोटं बुश असतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक त्यात फिरतं. ते कोरडं पडून धरलं तर क्लच दाबूनही शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो, आणि करकर अगदी तीच. ते काढायची युक्ती झकास आहे. भोकात ग्रीस ठासायचं, बरोबर बसेल असा रॉड घालून हातोडा मारायचा. ग्रीसला जायला जागा नसते, ते मागून दाबतं आणि बुश मुकाट्याने बाहेर सरकतं. नवं बुश आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवायचं.

भाचा म्हणतो, "मामा, हायड्रॉलिक बसवून टाका, कटकटच नको." बसवता येईल की. पण मग पिन तपासायला गाडीखाली शिरायचं निमित्त जाईल, आणि ते मला परवडणार नाही.

एका बाबतीत मात्र मी जुन्याचा हट्ट धरत नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. हाउसिंग उघडल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवायला मी मिस्त्रीला मनाई केली आहे. ओल्या फडक्यानेच पुसायची. तो हसतो. हसू दे.