कंत्राट निघण्याआधी

तुमच्या वसाहतीतल्या मोकळ्या जागेभोवती एक दिवस जाळी लागते. कोपऱ्यावर फलक येतो: इथे नवीन उद्यान होणार, अमुक कंत्राटदार, अमुक महिन्यात पूर्ण. आपण गाडीतून जाता जाता तो वाचतो, "बरं झालं, मुलांना जागा होईल" म्हणतो आणि पुढे जातो. पण त्या बागेबद्दल आपल्याला काही सांगायचं असेल, तर फलक लागेपर्यंत ती वेळ बहुतेक निघून गेलेली असते.

मी ग्वेल्फच्या विद्यापीठात पोस्टडॉक करते. माती हा माझा विषय, त्यामुळे कुठे खोदकाम दिसलं की पाय थबकतात. २०२१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १ लाख ४३ हजारांच्या वर होती आणि नवी घरं उठतच आहेत. ऑन्टॅरिओच्या नियोजन कायद्यानुसार शहर विकासकाकडून उद्यानासाठी जमिनीचा काही हिस्सा किंवा त्याऐवजी पैसे घेऊ शकतं. मग रहिवाशांची मतं मागवली जातात, आराखडा ठरतो, बारीक नकाशे होतात आणि सगळ्यात शेवटी निविदा निघते.

निविदेची कागदपत्रं एकदा वाचून पाहा. रूक्ष असतात, पण बोलकी. बाक किती, पायवाट किती रुंद, सुपीक मातीचा थर किती जाड, झाडांच्या खोडाचा व्यास केवढा, लावलेलं झाड मेलं तर किती काळापर्यंत बदलून द्यायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. कंत्राटदार प्रत्येक बाबीसमोर आपला दर भरतो. जे यादीत नाही, ते त्याच्या हिशेबातही नाही. नंतर काही वाढवायचं म्हटलं तर वेगळी मंजुरी लागते, आणि तेव्हा दर द्यायला समोर एकच माणूस असतो.

पैशांवर इथे लक्ष असतं. छोट्या उपकंत्राटदारांचे आणि माल पुरवणाऱ्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून ऑन्टॅरिओचा कायदा कामाच्या रकमेतले १० टक्के रोखून ठेवायला लावतो. पण ती बाग तुमच्या आईला वापरता येईल का, हे कायदा पाहत नाही. ते नकाशात असावं लागतं.

पीएचडी करताना मी दुसऱ्या एका गावात राहत होते. बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. घरापासून दहा मिनिटांवर सुंदर बाग होती: झोपाळे, घसरगुंडी, हिरवळ. बाबा चार दिवस गेले आणि मग जायचे बंद झाले. थंडीचं निमित्त सांगत राहिले. खरं कारण आईने फोनवर सांगितलं. तिथे शौचालय नव्हतं, आणि बाक होते ते बिनपाठीचे. सत्तरीतल्या, मधुमेह असलेल्या माणसाला ती बाग बंदच होती. तुमच्याकडेही कुणी आई-बाबा असे खिडकीशी बसून दिवस काढत असतील.

वसाहतीतल्या छोट्या बागांत शौचालय सहसा नसतं. पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी लागते, हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून व्यवस्था लागते, रोजची सफाई लागते. हा खर्च कंत्राटदार गेल्यावरही चालू राहतो. म्हणूनच मागणी लवकर करावी लागते. निदान वाहिनीची जागा आधी राखून ठेवली, तर पुढे तयार हिरवळ उकरावी लागत नाही.

आधी ठरवल्याने काय होतं, याचं मोठं उदाहरण इथेच आहे. ईस्टव्ह्यू रोडवरची शहराची कचराभूमी २००३मध्ये बंद झाली. झाकलेल्या कचऱ्यावर मोठ्या मुळांची झाडं लावणं जोखमीचं असतं, म्हणून तिथे मधमाश्या-फुलपाखरांसाठी रानफुलांचं कुरण करायचं ठरलं. मुंबईकरांना माहीमचं निसर्ग उद्यान आठवेल. धारावीला लागून असलेल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर माती टाकून, झाडं लावून ते ३७ एकरांचं रान उभं राहिलं आणि १९९४मध्ये लोकांसाठी उघडलं. जमीन तशीच टाकाऊ, पण तिथे कुणीतरी जंगलाची कल्पना केली. दोन्हीकडे यंत्रं येण्याआधी कुणीतरी बैठकांना बसलं होतं.

"आम्हाला मत कुठे आहे?" असं तुम्ही म्हणाल. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत द्यायला कॅनडाचं नागरिकत्व लागतं, पीआर असून चालत नाही. मलाही मत नाही. पण बागेचा आराखडा लोकांसमोर ठेवतात, तेव्हा पासपोर्ट विचारत नाहीत. तिथे राहणारा कुणीही बोलू शकतो, लेखी कळवू शकतो.

माझी नेमणूक दोन वर्षांची आहे. आज ज्या बागेबद्दल बोलू, ती पुरी होईल तेव्हा मी कुठे असेन ठाऊक नाही. तरी मी लिहून पाठवते: पाठ आणि हात असलेले बाक, मध्ये सावली, शौचालयाची सोय, आणि यंत्रांनी दाबून टाकलेली माती झाडं लावण्याआधी मोकळी करण्याची अट. कुणाचे तरी बाबा येतीलच.

तुमच्या शहराच्या संकेतस्थळावर उद्यानांचं पान असेल. आज रात्री पाहा, कुठल्या बागेचा आराखडा अजून चर्चेत आहे ते. आणि पाठवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना काय हवंय.