कोरी बाटली

फोन आला तेव्हा मी चिपळूणच्या एसटी स्टँडवर उभी होते, एका हातात वडापाव. मॅडमनी 'कशी आहेस' वगैरे काही विचारलं नाही. म्हणाल्या, "अगं, कोऱ्या बाटलीत सापडलंय."

मला आधी आनंदच झाला. 'सापडलंय' एवढंच कानात शिरलं होतं. अर्जात गेलेले महिने, कागदपत्रांत गेलेले महिने, मग प्रयोगशाळेच्या निकालाची वाट, आणि शेवटी सापडलं! मॅडम पुन्हा, सावकाश म्हणाल्या, "विहिरीच्या नव्हे. कोऱ्या."

कोरी बाटली हा प्रकार मला वर्षापूर्वी माहीत नव्हता. प्रयोगशाळा एका बंद बाटलीत खात्रीचं शुद्ध पाणी देते. ते आपण विहिरीपर्यंत न्यायचं, तिथे दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायचं, झाकण लावायचं आणि बाकीच्या नमुन्यांबरोबर बर्फात घालून परत पाठवायचं. त्या पाण्याचा गावाशी संबंध एवढाच, की ते तिथल्या हवेत, आमच्या हातांखाली, एका बाटलीतून दुसरीत गेलं. त्यात काही निघालं तर ते विहिरीचं नव्हे, आमचं. आणि त्या दिवशी, आषाढातल्या कोकणात, माझ्या अंगावर होता एक नवा कोरा रेनकोट.

आम्ही शोधत होतो पीएफएएस. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका चिवट, की ही रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. तव्यावरचा न चिकटणारा थर, आग विझवायचा फेस, पाणी झटकून टाकणारं कापड, असं कुठेकुठे ती असतात. मोजायची ती लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे एक लाख कोटी थेंबांत एक थेंब या हिशेबात. अमेरिकेने एप्रिल २०२४मध्ये यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोन नामचीन रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा ठरवली. इतक्या बारीक मापात बाहीवरून ओघळलेला पावसाचा थेंबही निकाल बिघडवू शकतो.

मॅडमनी यादी दिली होती. सनस्क्रीन नको, हाताला क्रीम नको, पाण्यात न भिजणारी वही नको, चिकटचिठ्ठ्या नकोत, नवे कपडे नकोत, तेलकट खाऊ गुंडाळतात तो कागद जवळपास नको. रेनकोट यादीत तिसऱ्या क्रमांकावर होता. त्या स्वतः परीक्षेच्या ड्युटीत अडकल्या होत्या, म्हणून त्यांचा एमएस्सीचा विद्यार्थी आणि मी असे दोघंच गेलो. पोरगा मुकाट्याने भिजला. मी दोन विहिरींपर्यंत भिजले आणि तिसऱ्या विहिरीवर पिशवीतून रेनकोट काढला.

हे वेड डोक्यात शिरलं ते फेब्रुवारी २०२३मध्ये. फ्रान्सचं 'ल माँद' आणि युरोपातली इतर माध्यमं, मिळून १८, यांनी 'फॉरेव्हर पोल्युशन प्रोजेक्ट' या नावाने एक नकाशा प्रसिद्ध केला. युरोपभर १७,०००हून अधिक दूषित जागा, त्यांतल्या २,१००च्या आसपास ठिकाणी लिटरमागे १०० नॅनोग्रॅमच्या वर. बातमीदारांनी संशोधकांची पद्धत उचलली होती, ती संशोधकांकडूनच तपासून घेतली होती आणि मग आपल्या कामाला लावली होती. मी नकाशावर जेवढी रेंगाळले त्याहून जास्त वेळ 'पैसे कोणी दिले' ही ओळ वाचत बसले. जर्नलिझमफंड आणि आयजेफोरईयू, दोन्ही युरोपातले शोधपत्रकारितेला अनुदान देणारे. आपल्याकडे बातमीला अनुदान म्हटलं, की लोक आधी भुवया उंचावतात.

त्या नकाशावरचं एक टोक आमच्याकडेच येऊन पोचलं होतं. इटलीतल्या विचेन्झाजवळचा, पीएफएएस बनवणारा मितेनी कारखाना २०१८मध्ये दिवाळखोरीत गेला. जून २०२५मध्ये तिथल्या न्यायालयाने प्रदूषणाच्या खटल्यात ११ जणांना शिक्षा ठोठावल्या. कारखान्याची यंत्रं मात्र विकली गेली आणि समुद्रमार्गे आली कुठे, तर लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला लोटे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीने २०११च्या अहवालात तिथल्या सांडपाण्याबद्दल लिहून ठेवलंय. आमचं गाव मात्र लोट्याचं नव्हे, दुसऱ्याच खाडीवरचं. त्याचं नाव मी लिहिणार नाही, ते का हे पुढे येईलच.

एका नमुन्याच्या तपासणीला माझ्या दोन लेखांचं मानधन लागणार होतं. ते मानधन हातात पडायला लागणारे महिने वेगळे. तेव्हा अनुदान शोधणं आलं.

पहिला अर्ज परदेशी संस्थेकडे करायचा घाट घातला. अर्धा लिहून झाल्यावर वकील मित्राला दाखवला, तर त्याने २०१०चा परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए, उघडून तिसरं कलमच पुढे केलं. परदेशी देणगी कोणी घ्यायची नाही? निवडणुकीचे उमेदवार, न्यायाधीश, सरकारी नोकर, आमदार-खासदार, आणि त्याच रांगेत नोंदणीकृत वृत्तपत्राचे बातमीदार, संपादक, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार. माझं एका दैनिकात पंधरा दिवसांनी येणारं सदर होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कायद्याने न्यायाधीशाच्या पंगतीला बसवलं होतं. मानधन वेगळं आणि देणगी वेगळी, असा वाद घालता आला असता म्हणे. पण फी घेऊन वाद घालणारा वकील परवडला असता तर मी अनुदान कशाला मागत होते?

शेवटी देशातल्याच एका निधीकडे गेलो. त्यांची अट अशी, की बातमीदार आणि वैज्ञानिक दोघांनी मिळून अर्ज करायचा, दोघांनी सही करायची. मॅडम रसायनशास्त्र शिकवतात, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. बातमीदारांवर त्यांचा राग जुना आहे. कुणीतरी कधीतरी त्यांचं 'आढळले' हे क्रियापद 'विषारी' या विशेषणात बदलून छापलं होतं.

खर्चाच्या पत्रकात त्यांनी १२ नमुने लिहिले, त्याखाली ३ कोऱ्या बाटल्या, आणि त्याखाली 'फेरतपासणी' म्हणून जवळजवळ तेवढीच रक्कम पुन्हा. मी ती ओळ खोडली. तेवढ्या पैशांत आणखी एक गाव झालं असतं. शिवाय वाचणारा म्हणेल, यांचा स्वतःवरच विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ओळ परत आलेली. मी परत खोडली. तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला.

"तुला गोष्ट हवीय, मला आकडा हवाय. आकडा एकदा मोजून होत नाही."

"आणि दुसऱ्यांदा वेगळा आला तर?"

"तर तुझी गोष्ट गेली."

मुलाखतीत एक ज्येष्ठ पत्रकार होते आणि दोन वैज्ञानिक. पत्रकाराने विचारलं, काहीच सापडलं नाही तर काय छापाल? वैज्ञानिकांनी विचारलं, कोऱ्या किती? मी ठणकावून सांगितलं, काही नाही सापडलं तर तेही छापू. खोटं बोलत होते. 'विहिरीचं पाणी बरं आहे' हा मथळा घेऊन कोणत्या संपादकाकडे जायचं हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

अनुदान मिळालं, फार मोठं नव्हे. अशा वेळी मी स्वतःला सेमूर हर्शची गोष्ट सांगते. अमेरिकेत १९६९मध्ये फिलिप स्टर्न यांनी शोधपत्रकारितेसाठी एक निधी उभा केला. त्यातून हर्शला आधी २५० डॉलर मिळाले, मग २,०००, आणि तेवढ्यावर व्हिएतनामातलं माय लाईचं हत्याकांड जगासमोर आलं. गंमत अशी, की त्याच १९६९ साली फ्रान्झ इंगलफिंगर या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकाने नियम घातला, की बाहेर आधी छापून आलेलं संशोधन आम्ही घेणार नाही. एकाच वर्षी इकडे बातमीदाराच्या हातात पैसे ठेवले गेले, तिकडे वैज्ञानिकाच्या तोंडाला कुलूप. मॅडम मला दर आठवड्याला विचारायच्या, "तू आधी छापलंस तर माझ्या पेपरचं काय?" आम्ही तोडगा काढला: आकडे आणि पद्धत यांचे परिच्छेद त्या तपासतील, बाकी लेखाला आणि मथळ्याला हात लावणार नाहीत. मथळ्यात 'विष' असणार नाही हे मी आपणहून लिहून दिलं.

मॅडमच्या वाट्याचा पैसा त्यांच्या कॉलेजच्या खात्यात येणार होता. तो आला आणि तिथेच बसला. आइसबॉक्स घ्यायला तीन कोटेशनं. एका दुकानाने कोटेशन लेटरहेडवर दिलं नाही म्हणून ते बाद, म्हणजे पुन्हा तिसरं शोधा. खरेदी समितीची बैठक, कोरम नाही. सही करणारे रजेवर. मार्च अखेर आली, तेव्हा लेखा विभागाने सांगितलं की आता नव्या आर्थिक वर्षात बघू. एप्रिलमध्ये काढायचे नमुने असे सरकत सरकत आषाढात गेले. रेनकोट मी घातला खरा, पण तो घालायची वेळ कोणी आणली याचा विचार केला की मला त्या निळ्या आइसबॉक्सचाही राग येतो.

निधीने अर्धे पैसे आधी दिले होते, उरलेले लेख छापून आल्यावर मिळणार होते. कोऱ्या बाटलीचा फोन आला तेव्हा माझा अर्धा हिस्सा संपला होता आणि दोन महिन्यांचं घरभाडं त्या दुसऱ्या हप्त्याच्या भरवशावर होतं. विहिरींच्या नमुन्यांतही थोडंथोडं निघालं होतं. मी मॅडमना विचारलं, कोऱ्या बाटलीतलं तेवढं वजा करून नाही का चालत?

"ते काय तराजूवरचं पोतं आहे, वजा करायला?"

संपादकांना विचारलं. त्यांचं उत्तर सरळ होतं. विहिरीत सापडलंय ना? मग कोऱ्या बाटलीचं वाचकाला काय करायचंय? दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं. लिहायला बसले, पहिला परिच्छेद उत्तम उतरला, आणि दुसऱ्यात 'आढळले' लिहिताना हात अडला. कोणाच्या अंगावरचं आढळलं?

आम्ही निधीला जसं घडलं तसं कळवलं. रेनकोटसकट. उत्तरात त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं: फेरतपासणीची तरतूद मंजूर आहेच, मुदत वाढवून देत आहोत. मी दोनदा खोडलेली ओळ.

दुसऱ्या खेपेला मॅडम स्वतः आल्या, शंभरदा धुतलेल्या सुती साडीत. श्रावण लागला होता तरी सरी थांबत नव्हत्या. खाडीच्या वरच्या अंगाला ज्या आजींची विहीर, त्या पडवीत बसून आमच्याकडे बघत होत्या. आम्ही छत्रीही लांब ठेवलीय हे पाहून त्यांना नवल वाटलं. मी कारण सांगितलं, त्यांना कितपत कळलं कोण जाणे. उठल्या, नातवाला माळ्यावर चढवलं, आणि त्याने जाळीजळमटांसकट खाली काढलं एक इरलं. बांबूच्या कामट्या, मधे वाळून तपकिरी झालेली पानं, धुराचा वास.

"हे घे गो. सासूचं हाय माझ्या."

मॅडमनी इरलं उलटंपालटं केलं, वास घेतला, कुठे प्लास्टिकचा कागद लावलाय का ते कामटी-कामटीतून पाहिलं. मग म्हणाल्या, "चालेल." वाकून ते पाठीवर घेतलं की पोहरा ओढता येत नाही, म्हणून मी इरलं धरून उभी राहिले आणि मॅडमनी बाटल्या भरल्या. पानं एका बाजूला झडली होती, माझा उजवा खांदा चिंब झाला. नायट्राइलचे हातमोजे दर विहिरीला बदलत होतो. बाटलीवरची चिठ्ठी मॅडम साध्या बॉलपेनने लिहीत होत्या.

या वेळी कोऱ्या तिन्ही निरंक. पण चूक रेनकोटाचीच होती, असं मॅडम आजही म्हणत नाहीत. 'शक्यता आहे' म्हणतात.

विहिरींपैकी बहुतेक निरंक निघाल्या. खाडीलगतच्या दोन नाही निघाल्या. पहिल्या खेपेच्या आकड्यांवर मी लेख दिला असता तर सगळं गाव बदनाम केलं असतं. दोन विहिरींचे आकडे इथे देत नाही, कारण गावाचं नाव न सांगता आकडा सांगणं म्हणजे अफवा. आणि नाव न छापण्याचा शब्द आम्ही पहिल्याच दिवशी दिला होता. मासळी विकणाऱ्या बायकांनी तो घेतला होता. "नाव छापशील तर आमची मासळी कोण घेल?" एकीने विचारलं होतं, आणि माझ्या अर्जातल्या 'समाजावर होणारा परिणाम' या रकान्यात हा प्रश्न नव्हता. ठरलं ते असं: निकाल आधी विहिरीच्या मालकाला, लेखी, मराठीत. नाव ग्रामसभेने हो म्हटलं तरच.

कागद घेऊन आम्ही घरोघर गेलो. आजींनी कागद हातात धरला, वाचला नाही.

"काय गावलं का गो पाण्यात?"

"तुमच्या नाही गावलं," मॅडम म्हणाल्या.

"आणि खालच्या वाडीत?"

मॅडम गप्प राहिल्या. दुसऱ्याच्या विहिरीचा निकाल सांगायचा नाही, हेही ठरलं होतं. खालच्या वाडीत त्यांनी दोन्ही घरांना सांगितलं, की प्यायला आणि स्वयंपाकाला हे पाणी घेऊ नका. एका घरातल्या सुनेने विचारलं, उकळून घेतलं तर? उकळून ही रसायनं जात नाहीत, उलट पाणी आटलं की थोडी दाटच होतात, हे मॅडमनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की तिने पुन्हा विचारलं. ती दोन्ही घरं आता आजींच्या विहिरीवरून पाणी नेतात. आजींनी मग काही विचारलं नाही.

लेख आला, आतल्या पानावर, दुसरा हप्ताही आला. शेवटचं हिशेबपत्रक भरताना मी 'नमुने गोळा करण्याचं साहित्य' या सदरात हातमोजे, बर्फ, पोहऱ्याची दोरी लिहिली आणि प्रामाणिकपणे शेवटी 'इरलं, उसनं, शून्य रुपये' असंही लिहिलं. आठ दिवसांनी निधीच्या लेखापरीक्षकाची मेल आली. बाकी हिशेब मान्य होता. इरलं म्हणजे नेमकं काय, आणि ते परत केल्याची पावती आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.