सरासरीचं ताट

कॅलरी मला पहिल्यांदा भेटली ती अर्थशास्त्राच्या वर्गात. स्वयंपाकघरात यायला तिनं पुढं बरीच वर्षं घेतली.

पुण्यात एम. ए. करत होते. दारिद्र्याचा पेपर दांडेकर-रथ या जोडनावाशिवाय सुटत नसे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ, दोघेही गोखले इन्स्टिट्यूटमधले. १९७१ साली त्यांनी मांडलेला हिशेब वरवर सरळ होता. माणशी रोज २२५० कॅलरी पोटात जायला हव्यात. एवढं अन्न पदरात पडण्याइतका खर्च ज्याला झेपतो तो दारिद्र्यरेषेच्या वर, ज्याला झेपत नाही तो खाली. १९६०-६१च्या भावानं खेड्यात त्यासाठी माणशी महिना १५ रुपये लागत, शहरात साडेबावीस. पुढं १९७९मध्ये नियोजन आयोगाच्या तज्ज्ञ गटानं खेड्यांसाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० कॅलरी धरल्या. खेड्यातला माणूस अंगमेहनत जास्त करतो, म्हणून त्याला तीनशे जास्त.

माझं माहेर माण तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात मी सहा-सात वर्षांची. आई आणि आत्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, आम्ही पोरं मागोमाग. तिथं वाटली जाणारी सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो जोंधळा, या दोन चवी आमच्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेल्या नाहीत. मिलोची भाकरी थापतानाच कडेनं चिरायची. आई ती दोन्ही तळव्यांवर सांभाळत तव्यावर टाकायची, आणि कुणाच्या वाट्याला चतकोर जास्त गेली यावर आम्हा भावंडांचं बारीक लक्ष असायचं. त्यामुळे फळ्यावर २२५० आले तेव्हा हा गाठायचा आकडा आहे, हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. या आकड्याच्या खाली राहायला शिकवण्यासाठी उद्या कुणी फी घेईल, असं सरांनी तेव्हा सांगितलं असतं तर अख्खा वर्ग हसला असता.

त्याच पेपरात आणखी एक नाव होतं. ते मला जरा जास्त जवळचं वाटायचं, कारण माणूस आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातल्या बुधचा. पां. वा. सुखात्मे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून रोमला वीसेक वर्षं काढून ते पुण्याला परतले होते. त्यांचं म्हणणं असं, की सरासरी ही घोळक्याची असते, एकट्या माणसाची नसते. एवढ्यावर ते थांबले असते तर कुणी भांडलं नसतं. पण ते पुढं जाऊन म्हणत, की एकाच माणसाची गरजसुद्धा रोज सारखी नसते. काम तेच, वजन तेच, तरी आतला खर्च आठवड्यागणिक वरखाली होत राहतो आणि एका मर्यादेपर्यंत शरीर कमी खाण्याशी जुळवून घेतं. म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नका. दांडेकरांना हे अजिबात मान्य नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांत चांगलीच जुंपली होती, आणि आम्ही ते लेख झेरॉक्स काढून वाचायचो.

मी दांडेकरांच्या बाजूची. 'शरीर जुळवून घेतं' हे वाक्य सरकारच्या हाती पडलं की त्याचं काय होईल, हे खडी फोडणाऱ्या बाईच्या मुलीला वेगळं सांगावं लागत नाही. आजही माझं तेच मत आहे. फक्त सुखात्मे माझ्या स्वतःच्या ताटात असे आडवे येतील असं वाटलं नव्हतं.

पुढची वर्षं भराभर गेली. कराडला ज्युनियर कॉलेजात नोकरी, लग्न, दोन बाळंतपणं, त्या बाळंतपणांतले डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. अंगावर किलो-अर्धा किलो दर वर्षी चढत गेलं आणि साडीत ते खपूनही गेलं. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी रक्त तपासलं. साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, गोळी आत्ता देत नाही. आठ किलो उतरवा, मग बघू."

उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. त्या दोहोंतून जो बीएमआय निघतो तो २८ला टेकलेला. गोऱ्यांच्या देशात ३०च्या पुढं स्थूल म्हणतात. आपल्याकडे डॉक्टर २३लाच भुवई उंचावतात आणि २५ला स्थूल ठरवतात. याचं कारण समजून घ्यायचं तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो पाहावा. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. म्हणजे इथंही सरासरीचाच घोळ. काटा एक, माणसं दोन.

आहारतज्ज्ञ बाईंनी छापील कागद दिला. वर ठळक अक्षरात १२०० कॅलरी. माझ्या आधीच्या बाईला तोच, नंतरच्या बाईला तोच. आयुष्यभर आकड्यांवर पोट भरलेलं असल्यामुळे मला आकड्याचं मूळ शोधल्याशिवाय घास गिळत नाही. घरी येऊन वही काढली.

हल्ली बहुतेक ठिकाणी १९९०चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट. बायकांसाठी त्यातून आणखी १६१ वजा, पुरुषांसाठी ५ मिळवायचे. माझे ६८० अधिक ९७५, त्यातून २९० गेले, १६१ गेले. उरले १२०४. आता हे १२०४ म्हणजे काय, तर दिवसभर पाठ टेकून पडून राहिले, बोटसुद्धा हलवलं नाही, तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायला लागणारा खर्च. वर्गात उभं राहणं, जिना, भांडीकुंडी हे सगळं त्यावर. बैठ्या दिनक्रमाला याची साधारण १.४ पट करतात. ती झाली १६८६. छापील कागद मला सांगत होता, की बाई, तुझ्या नुसत्या पडून राहण्यापुरतं खा आणि दिवसभर राब.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना कसं खाऊ घालावं हे शोधायचं होतं. तरुण स्वखुशीनं आले होते. अर्धपोटी म्हणजे किती? रोज सुमारे १५७० कॅलरी. त्यावर त्यांच्या हाडांचे सापळे दिसू लागले आणि स्वप्नात जेवणाच्या पंगती येऊ लागल्या. ते दांडगे पुरुष होते, आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालत होते, मी एक पिकलेली बुटकी मास्तरीण, तुलना होत नाही हे कबूल. तरीपण सरसकट १२०० हाती देणाऱ्यानं तो प्रयोग एकदा वाचावा असं मला वाटतं.

मी ठरवले १३५०. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात. रोज साडेतीनशेच्या आसपास तूट, म्हणजे महिन्याला सव्वा किलो. कागदावर.

वहीत उतरवणं सोपं, स्वयंपाकघरात उतरवणं अवघड. मोबाइलवरच्या यादीत 'चपाती' होती, ७० की ८० कॅलरी. ती फुलक्याची किंमत. आमच्याकडे होते घडीची पोळी. एक दिवस वजनकाटा ओट्यावर ठेवून बसले. कोरडी कणीक ३५ ग्रॅम, तिच्या साधारण ११५. मग लाटी दुमडताना आत बोटानं फिरवलेलं तेल, पुन्हा दुमडून पुन्हा बोट, तव्यावरून उतरल्यावर वर तुपाचा हात. हे सगळं मिळून चमचाभर होतंच, आणि चमचाभर म्हणजे चाळीस-पंचेचाळीस. यादीतल्या चपातीची दुप्पट माझ्या एका पोळीत निघाली. भाकरीचं बरं असतं. पीठ सत्तर ग्रॅम घेतलं की साधारण २४० कॅलरी. पाण्याला किंमत नाही, तेलाचा स्पर्श नाही, लपवाछपवी नाही. मोजायचं ते कोरडं मोजावं, हे मला भाकरीनं शिकवलं. शिजलेल्या भाताचं वजन घेऊन काही कळत नाही, कुणाचा भात मोकळा, कुणाचा गुरगुट्या.

दाण्याचं कूट हा आमचा खरा दरोडेखोर. भाजीत, कोशिंबिरीत, आमटी पातळ झाली तर तिच्यात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ५६०च्या वर कॅलरी. साबुदाण्याच्या खिचडीची बशी मांडून पाहिली: साबुदाणा शंभर ग्रॅम, कूट मूठभर, तूप एक मोठा चमचा. सातशेला पोचली. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते हिशेबानं सिद्ध झालं आणि मी अंगारकीला भगर करू लागले.

पण सगळ्यात उपयोगी पडला तेलाचा डबा. फोडणीला किती तेल पडलं हे कुणी विचारलं तर कुठलीही सुगरण खरं सांगू शकत नाही. पळी हातात असते, माप डोळ्यांत. म्हणून उलटीकडून मोजलं. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर जातं. तेल लिटरला ९१० ग्रॅम भरतं. चौघांत आणि तीस दिवसांत वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी, नुसत्या तेलाच्या. डबा साडेतीन लिटरचा केला, डब्याबाहेर तेल आणायचं नाही एवढंच घरात सांगितलं. माणशी रोजच्या शंभर कमी झाल्या आणि नवऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही. खर्च मोजायचा तर पावतीवरून मोजावा, माणसाच्या आठवणीवरून नाही, हे अर्थशास्त्राच्या माणसाला आधीच सुचायला हरकत नव्हती.

चरबीच्या ग्रॅमला नऊ, पिष्टाला आणि प्रथिनाला चार, हे भाव ठरवले विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञानं. कनेक्टिकटमध्ये, १८९०च्या दशकात आणि पुढं. माणसाला दिवसचे दिवस बंद खोलीत राहायला लावून, त्याला खाऊ घालून, त्याच्या अंगातून निघणारी उष्णताही तो मोजत असे. म्हणजे हे भावही सरासरीच. आणि मिफ्लिनचं सूत्र ४९८ अमेरिकनांवरून बसवलेलं. माणच्या मिलोवर वाढलेल्या हाडांचा त्यात कुठं समावेश असणार?

पहिल्या दोन महिन्यांत काटा हिशेबाप्रमाणे चालला. मग रेंगाळला. सकाळी ६४.८, दुसऱ्या दिवशी ६५.६, आदल्या रात्री फक्त लोणचं-पापड जास्त झालेला. मिठाबरोबर पाणी अंगात थांबतं, तेवढ्यानं काटा किलोभर हलतो. रोजचा आकडा बघणं सोडून आठवड्याची सरासरी काढू लागले, तेव्हा खरी उतरण दिसली, आणि ती आधीपेक्षा सावकाश होती. यात गूढ काही नाही. ६८चं शरीर ६० झालं की त्याच सूत्रानं त्याचा खर्च १६८६वरून १५७४वर येतो. शिवाय देह त्याहूनही थोडी जास्त काटकसर करतो; हालचाल नकळत मंदावते, कीजच्या तरुणांचंही तेच झालं होतं. सुखात्मे सांगत होते ते हेच. आई-आत्याच्या ज्या कसबानं १९७२ निभावलं, ते मला वारशात मिळालेलं आणि आता माझ्याच विरुद्ध कामाला लागलेलं. दांडेकरांच्या बाजूची मी, सकाळी काट्यावर उभी राहून सुखात्म्यांना मनातल्या मनात 'बरोबर आहे सर' म्हणत होते. दारिद्र्यरेषेबद्दल नाही, एवढं मात्र बजावून.

स्टाफरूममध्ये बातमी फुटायला वेळ लागत नाही. बायोलॉजीची एक तरुण सहकारी विचारत आली, मॅडम, मी किती खाऊ? तिला आधी विचारलं, साखरेची, थायरॉइडची गोळी चालू नाही ना? दिवस गेलेले नाहीत ना? असलं काही असेल तर डॉक्टरला विचार, मला नको. तसं काही नव्हतं. वय ३४, उंची १६०, वजन ७२. सूत्रानं तिचा दिवसाचा खर्च आला १९४५. मी म्हटलं, हे बाजूला ठेव. दोन-तीन आठवडे काहीही कमी न करता, जे खातेस ते लिही. वजन जागचं हललं नाही तर वहीतली सरासरी हाच तुझा आकडा.

वहीत आले १७००. काटा स्थिर. ती गोंधळली, अडीचशेचा फरक कुठं गेला? चाखण्यात, विसरण्यात, की तिचं अंगच काटकसरी, कोण सांगणार. म्हटलं, शोधत बसू नकोस. चूक असेल तर ती रोज तेवढीच होतेय ना, मग वजाबाकीत ती आपोआप निघून जाते. १७००तून तीनशे काढ. वही हीच ठेव, चमचा हाच ठेव, विसरायचं तेवढंच विसर.

जाता जाता तिनं विचारलं, पोराच्या ताटातलं उरलेलं टाकवत नाही, ते लिहायचं का?

म्हटलं, लिहीत नव्हतीस होय? मग आताही नको लिहू. नाहीतर सगळा हिशेब पहिल्यापासून करावा लागेल.