आधी बटण बघा

कुळथाची पिठी आमच्या पनवेलकडे घरोघरी होते. कुळथाचा अर्क मात्र मला रक्तपेढीत भेटला. तो घातला की ए1 गटाच्या तांबड्या पेशी गोळा होतात, ए2च्या सुट्याच राहतात. हे 1951 मध्ये जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात रक्तसंक्रमणाचं काम करणारा माणूस. पेशीवरची ठरावीक शर्करा ओळखून धरणारी अशी प्रथिनं म्हणजे लेक्टिन.

पुढे थुंकीचे नमुने लावायला लागले, तेव्हा हीच पकड जिवाणूंत दिसली. स्यूडोमोनास एरुजिनोसा प्लेटवर हिरवट उतरतो, वासानेच ओळखू येतो. त्याची लेकए आणि लेकबी ही दोन लेक्टिनं; पहिलं गॅलेक्टोज धरतं, दुसरं मुख्यतः फ्युकोज. श्वासनलिकेच्या अस्तरावर आणि कफात या शर्करा भरपूर. तिथे चिकटून राहायला, एकमेकांना धरून थर करायला त्याला ही लेक्टिनं उपयोगी पडतात. लेकए तर पेशींना इजाही करतं.

एमएस्सीच्या मुलांना हे शिकवताना मी खळग्यांची प्लेटच लावायला देते. जिवाणू फोडून काढलेला अर्क एकेका खळग्यात निम्मा निम्मा पातळ करत जायचा, वर तांबड्या पेशी घालायच्या. त्या आधी पपेन या विकरात ठेवल्या की पकड जास्त ठळक दिसते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त असेल तर पेशी नीट धुवायच्याच. त्यातलं ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि या दोन्ही लेक्टिनांची पकड कॅल्शियमवर चालते. मग थांबायचं. पेशी गुंतल्या तर तळभर चटई पसरते, सुट्या राहिल्या तर मधोमध बटण बसतं.

चटई दिसली की मुलं खूश होतात. मी आधी त्या शेजारच्या खळग्याकडे बघते, जिथे अर्क तोच, पण गॅलेक्टोज मिसळलेलं. तिथे बटण हवं. मॅनोज ही वेगळी शर्करा मिसळलेल्या खळग्यात मात्र चटई टिकायला हवी. दोन्ही जमल्यावरच लेकएचं नाव वहीत लिहायचं. पेशी गोळा व्हायला कारणं शंभर असतात. कुठल्या शर्करेने त्या सुटतात, ते बघूनच लेक्टिन ओळखायचं.

रुग्णाच्या रिपोर्टात यातलं काही जात नाही. डॉक्टरांना हवं असतं कुठलं अँटिबायोटिक चालेल ते, आणि ते बरोबरच आहे. शर्करेने पकड सुटते, याच विचाराने जर्मनीत हा जिवाणू असलेल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या मोजक्या रुग्णांना फ्युकोज आणि गॅलेक्टोजची वाफ देऊन पाहिली गेली, 2008 मध्ये ते छापून आलं. नेहमीच्या उपचारात ते अजून नाही. हे सांगितलं की कुणीतरी विचारतंच, मॅडम, मग चहात साखर वाढवायची का? नाही. चहातल्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, आणि ती जाते पोटात.