दप्तराची नक्कल

आमच्या मूल गांवच्या वाचनालयाचें दप्तर सांभाळण्याचें काम आमच्याकडे कसें आलें, हें सांगूं लागलों तर आरंभींच आत्मस्तुतीचा दोष पदरीं येईल. आणि तें काम आम्हीं कसें केलें हें वाचल्यावर तो दोष आपोआप धुऊन निघेल. म्हणून तो खटाटोप करीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, ह्या लेखांत 'आम्ही' म्हणजे एकटे आम्हीच. लेखकांचें हें बहुवचन एरव्हीं फार सोयीचें असतें. त्याच्या आडोशाला चूक नेमकी कोणाची हें कळत नाहीं. येथें तो आडोसा आम्हांस घेतां येणार नाहीं.

दप्तर म्हणजे रुमालांत बांधलेलें दप्तर नव्हे. वाचनालयांतील सहा-सात हजार पुस्तकें, सभासदांचीं नांवें, कोणीं काय नेलें व केव्हां परत केलें, ही सर्व माहिती आतां 'कोहा' नांवाच्या संगणकीय व्यवस्थेंत असते. ह्या व्यवस्थेचा जन्म न्यूझीलंडमधला. तेथील होरोफेनुआ भागांतील वाचनालयांची जुनी यंत्रणा 2000 साल उजाडतांच तारखा चुकवील अशी भीति उत्पन्न झाली, म्हणून 1999 सालीं ही नवी लिहवून घेण्यांत आली आणि 2000 सालच्या जानेवारींत ती कामास लागली. लिहविणारांनीं ती कुलपांत न ठेवतां सर्व जगास मोकळी करून दिली. 'कोहा' हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ देणगी. पण आपल्याकडच्या आहेराप्रमाणें तींत परतफेडीची जाणीव गृहीत धरलेली असते.

कोहा हा दर्शनी भाग झाला. खरें दप्तर त्याच्या पोटांत, 'मारियाडीबी' ह्या डेटाबेसांत असतें. ह्या नांवाची कथा मोठी घरगुती आहे. मायकेल विडेनियस ह्या फिनलंडच्या गृहस्थानें 1995 सालीं सहकाऱ्यांसह 'मायएसक्यूएल' हा डेटाबेस काढला व त्यास आपल्या थोरल्या मुलीचें नांव दिलें. 2008 सालीं तो सन कंपनीकडे गेला, आणि पुढें ती कंपनीच ओरॅकलच्या घशांत जाण्याची वेळ आली तेव्हां, 2009 सालीं, विडेनियसनें त्याच मूळ लेखनाची दुसरी शाखा काढली. तिला धाकट्या मुलीचें, मारियेचें, नांव मिळालें. थोरलीचें नांव इंग्रजी अक्षरांवरून आमच्याकडील मनुष्य 'माय' असें वाचतो, आणि आमच्या झाडीपट्टींत माय म्हणजे आई. तेव्हां माय परक्या घरीं गेली व मावशीनें लेंकरें सांभाळलीं असें म्हणावयास हरकत नाहीं. मूळ लेखन सर्वांस मोकळें होतें म्हणूनच हें जमलें. एकदां विकलेला माल पुन्हां आपल्या दुकानांत मांडण्याची मुभा इतर कोणत्या व्यापारांत मिळते?

आंतील रचना मात्र एडगर कॉड ह्या इंग्रज गणित्याच्या विचाराची आहे. अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीच्या नोकरींत असतांना त्यानें 1970 सालीं असें मांडलें कीं, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशीं संबंध दोहोंत समान असणाऱ्या मूल्यांनींच जोडावा. म्हणजे पुस्तकांचें कोष्टक निराळें, सभासदांचें निराळें. आणि देवघेवीच्या कोष्टकांत ना पुस्तकाचें नांव ना माणसाचें, केवळ दोघांचे क्रमांक व तारीख. प्रथम हें आम्हांस फार रुक्ष वाटलें. माणसास क्रमांकानें ओळखणें ही तुरुंगाची रीत, अशी एक कोटीही आम्हीं समितीच्या बैठकींत केली होती. ती पुढें आम्हांस परत घ्यावी लागली.

ह्या डेटाबेसाची एक चाल आपल्या जुन्या पेढ्यांची आठवण करून देते. सावकार आधीं रोजकीर्दींत नोंद करी, मग ती खतावणींत चढवी. डेटाबेसही बदल आधीं एका क्रमवार वहींत टिपून ठेवतो आणि सवडीनें मूळ कोष्टकांत उतरवतो. मध्येंच वीज गेली, आणि मृगाच्या वादळांत आमच्याकडे ती जाण्यास फारसें निमित्त लागत नाहीं, तर पुन्हां सुरू होतांच तो ही रोजकीर्द वाचतो. पुरें ठरलेलें चढवतो, अर्धवट राहिलेलें खोडतो. त्यामुळें विजेची भीति आम्हांस कधीं वाटली नाहीं. भीति बाळगावयास हवी होती ती आमचीच.

दप्तराची नक्कल रोज निघत असे. रात्रीं आठ वाजतां, वाचनालयाचीं दारें लागण्यापूर्वीं, संगणक आपण होऊन सर्व कोष्टकें एका फाइलींत उतरवी व ती फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवी. तीन वर्षें हा नेम चुकला नाहीं. फाइल दिवसेंदिवस किंचित् वाढत असे. पोस्टांतील ठेवीचें पुस्तक पाहावें त्या समाधानानें आम्ही तिचा आकार पाहत असूं. ती उघडून मात्र एकदांही पाहिली नाहीं.

एका उन्हाळ्यांत संगणकाची मूळ प्रणालीच बदलण्याची पाळी आली. तिच्या देखभालीची मुदत संपली होती, आणि कोहाच्या नव्या आवृत्तीस मारियाडीबीचीही नवी आवृत्ति हवी होती. अशा वेळीं "चालतें आहे तें चालूं द्या" म्हणणारे शहाणे समितींत असतातच, आणि त्यांचें म्हणणें सर्वस्वीं चूक नसतें. पण आमच्या मुलखांतील मामा तलाव त्यांनींही पाहिलेले आहेत. मालगुजारांनीं बांधविलेले हे तलाव 1950 च्या कायद्यानें मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी' ह्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून मामा ठरले. पाणी सर्वांचें झालें. गाळ काढणें मात्र कोणाचेंच राहिलें नाहीं, आणि कित्येक तलाव भरून उथळ झाले. फुकट मिळालेल्या डेटाबेसाची गोष्ट निराळी नाहीं. त्याची किंमत द्यावी लागत नाहीं एवढेंच. राखण करावीच लागते. हा दृष्टान्त समितीस पटला व आम्ही थोडेसे फुगलों.

कामासाठीं बाहेरगांवाहून एक तरुण आला. जुनी डिस्क पुसण्यापूर्वीं त्यानें रीतीप्रमाणें विचारलें, "सर, बॅकअप आहे ना?"

"आहे तर! तीन वर्षांचा, रोजचा," आम्ही म्हणालों.

त्यानें डिस्क पुसली.

संध्याकाळीं नव्या प्रणालीवर नक्कल चढवून झाली आणि आमच्या ग्रंथपालबाईंनीं पहिलें पुस्तक शोधलें. तें सांपडेना. यादी उघडली तेव्हां इंग्रजी पुस्तकें जशींच्या तशीं उभीं होतीं. मराठी पुस्तकांच्या जागीं प्रश्नचिन्हांच्या ओळी होत्या. ग्रंथाचें नांव प्रश्नचिन्हें, लेखक प्रश्नचिन्हें, सभासद प्रश्नचिन्हें. आम्हीही त्यांतच होतों.

कारण शोधतां शोधतां रात्र झाली. नक्कल कोणत्या अक्षरपेटीनें उतरवावी हें सांगणारी एक जुनी ओळ आमच्याच सूचनांच्या फाइलींत राहून गेली होती. ती पेटी 'लॅटिन-वन' नांवाची, पश्चिम युरोपच्या भाषांपुरती, अवघ्या 256 खणांची. छापखान्यांत खिळा नसला म्हणजे जुळारी जसा हातीं लागेल तो दुसरा खिळा बसवतो, तसें यंत्रानें, ज्या अक्षरास त्या पेटींत खण नव्हता त्याच्या जागीं प्रश्नचिन्ह बसविलें. मूळ दप्तरांतील मराठी शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतें. बिघडली होती ती केवळ नक्कल, तीही पहिल्या रात्रीपासून. आणि ती तसें सांगतही होती. देवनागरीचें एक चिन्ह साठविण्यास तीन बाइट लागतात, प्रश्नचिन्हास एक. आमची फाइल असावयास हवी होती त्याहून पुष्कळच लहान होती. आम्ही तिला काटकसर समजत होतों.

आतां ती कोटी परत घेण्याचा प्रसंग. अक्षरें गेलीं होतीं, पण आंकडे इंग्रजी असल्यामुळें सारेच्या सारे जिवंत होते. प्रत्येक ओळीच्या आरंभीं पुस्तकाचा दाखल क्रमांक होता, आणि कागदाचें दाखल रजिस्टर बाईंनीं संगणक आल्यावरही बंद केलें नव्हतें. सभासदांची तीच गोष्ट; वर्गणीच्या पावत्यांवर क्रमांक व नांव दोन्ही होतीं. एकदां क्रमांकासमोर नांव लिहिलें कीं देवघेवीची सगळी हकीकत आपोआप जागेवर येत होती, कारण तींत नांवें मुळीं नव्हतींच. कॉडसाहेबांच्या रुक्षपणानें आमचें निम्मे दप्तर वांचविलें.

उरलेलें बोटांनीं भरून काढलें. कॉलेजांतील चार मुलें, बाई आणि आम्ही, असे वैशाखाच्या उन्हांत कूलरसमोर बसून रजिस्टरावरून नांवें भरीत असूं. एका मुलानें युक्ति काढली. यंत्र प्रत्येक चिन्हास, मग तें अक्षर असो, काना असो कीं हलन्ताचा पाय असो, एकेक प्रश्नचिन्ह देतें व मधली मोकळी जागा तशीच ठेवतें. तेव्हां 'श्यामची आई' म्हणजे सात प्रश्नचिन्हें, जागा, मग दोन. भरलेलें नांव ह्या मापाशीं जुळलें नाहीं तर कोठें तरी चुकलें समजावें. ह्या मापानें आमच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मात्र पकडल्या नाहींत, आणि त्या बाईंनीं पकडल्या. शेतांत पऱ्हे हिरवे दिसूं लागले तेव्हां काम संपलें.

संपलें म्हणतों, पण सर्व नव्हे. कोहांत प्रत्येक पुस्तकास शेऱ्याचा एक रकाना असतो. रजिस्टरांत तो नाहीं. तीन वर्षें बाई फावल्या वेळांत त्यांत लिहीत होत्या, हें आम्हांस ठाऊक होतें. काय लिहीत होत्या तें आम्हीं कधींमधींच वाचलें होतें. हें पुस्तक कोणाच्या आईनें मरण्यापूर्वीं आणून दिलें. ह्याच्या चाळिसाव्या पानावरचा हळदीचा डाग तिचाच. हें पुस्तक एका शिपायानें तीनदां नेलें व तिन्ही वेळां त्याच पानांत बसची तिकिटें ठेवून परत केलें. अशा शेंकडों नोंदी. त्यांच्या जागीं आतां चिन्हांच्या लांब ओळी उरल्या होत्या, आणि मापानें ताडून पाहावें तर मूळ मजकूर कोठेंच नव्हता. आम्हीं बाईंना म्हटलें कीं आठवतील तेवढे शेरे पुन्हां लिहा.

"नाहीं जी, सर," त्या म्हणाल्या. "तें त्या दिवशीं आठवलें म्हणून लिहिलें होतें. आतां बसून आठवलें तर तें बनवलेलें होईल."

ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अद्यापिही सुचत नाहीं.

त्या तरुणानें आमचें समाधान करण्यासाठीं एक हकीकत सांगितली, ती जगजाहीर आहे. 'गिटलॅब' ही कंपनी स्वतः संगणकतज्ञांनाच त्यांचें लेखन सांभाळून देणारी. तिचें दप्तर 'पोस्टग्रेस' ह्या, बर्कलेच्या विद्यापीठांत 1986 सालीं उगम पावलेल्या, दुसऱ्या मुक्त डेटाबेसांत होतें. 31 जानेवारी 2017 च्या रात्रीं तेथील थकलेल्या कारभाऱ्यानें दुय्यम यंत्र समजून मुख्य यंत्रावरील दप्तर पुसावयास घेतलें. चूक ध्यानांत येईतों सुमारें 300 गिगाबाइटांपैकीं साडेचार उरले होते. नकला काढण्याच्या पांच तजविजी केलेल्या होत्या. आयत्या वेळीं एकही धड उपयोगी पडली नाहीं. रोजची नक्कल काढणारें अवजार 9.2 ह्या जुन्या आवृत्तीचें राहिलें होतें आणि दप्तर 9.6 वर गेलें होतें. अवजार रोज निमूटपणें हार खात होतें, व हार झाल्याचीं पत्रें टपालाच्या दारांतूनच परत जात होतीं. त्याच कारभाऱ्यानें सहा तास आधीं दुसऱ्याच कामासाठीं एक प्रत काढून ठेवली होती, तिनें लाज राखली. मधले सहा तास गेले ते गेले. कंपनीनें कांहीं झांकलें नाहीं. दुरुस्तीचें काम सर्वांस पाहतां येईल असें उघड्यावर केलें. आम्हांस त्यांचा हेवा वाटला तो ह्या शेवटच्या गोष्टीबद्दल. आमच्या समितीच्या इतिवृत्तांत ह्या साऱ्या प्रकरणाची नोंद 'तांत्रिक कारण' अशी आहे.

पण खरा उपाय सांगितला तो वाचनालयांत वर्तमानपत्र वाचावयास येणाऱ्या एका धान पिकविणाऱ्या गृहस्थांनीं. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "सर, घरचें बी तुम्ही तसेंच पेरतां काय?" आमच्याकडे धानाचें बी कणगींत कितीही जपून ठेवलें तरी पावसाच्या आधीं त्यांतले शंभर दाणे मोजून घेतात, ओल्या गोणपाटांत गुंडाळतात, आठवड्यानें उलगडून कोंब मोजतात. ऐंशीं-नव्वद उगवले तर ठीक. चाळीस उगवले तर तें बी नव्हे, दाणे आहेत. कणगी भरलेली दिसते ह्यावर कोणी पेरणी करीत नाहीं.

तेव्हांपासून महिन्याच्या पहिल्या शनिवारीं आम्ही कपाटांतला टाकून दिलेला लॅपटॉप काढतों, त्यावर अगदीं कोरा मारियाडीबी मांडतों आणि आदल्या रात्रीची नक्कल त्यांत उतरवितों. अक्षरपेटी कोणती तें पाहतों. पुस्तकें, सभासद व देवघेव ह्या तिन्ही कोष्टकांतील ओळी मोजून मूळ दप्तराशीं ताडतों. मग बाई येऊन तीन मराठी पुस्तकें शोधतात. त्यांपैकीं एक 'श्यामची आई' हें ठरलेलेंच. ह्या कामास तासाभराहून अधिक वेळ लागत नाहीं, व तो वेळ इतका कंटाळवाणा असतो कीं मुलें दुसऱ्या महिन्यापासूनच येईनाशीं झालीं.

शेवटीं सर्वांत ताजी नोंद उघडून पाहावयाची, म्हणजे नक्कल खरोखर कालचीच आहे हें कळतें. गेल्या शनिवारीं ती एका शेऱ्याची निघाली. बाईंनीं कोणास न सांगतां पुन्हां लिहावयास सुरुवात केली आहे. एका जुन्या प्रवासवर्णनापुढें लिहिलें होतें: "पान 112 फाटलेलें. सर म्हणतात आम्हीं फाडलें नाहीं."